डोकं कायदा वाचवील, हात तुमचे तुम्हीच वाचवा

पेडणे आणि डिचोली तालुक्यांतल्या दुचाकीस्वारांनो, मोटारसायकल टॅक्सी चालवणाऱ्या पायलट बांधवांनो, स्कूटरवरून कामाला जाणाऱ्या भगिनींनो, आणि बांदा, सातार्डा, दोडामार्गहून रोज गोव्यात येणाऱ्या मित्रांनो,

मिरग तोंडावर आला आहे. उकाड्याने हैराण झालेले आपण सगळे पहिल्या सरीची वाट बघतो आहोत, पण रस्त्याच्या दृष्टीने वर्षातला सगळ्यात वाईट दिवस तोच असतो. आठ महिने सांडलेलं तेल, डिझेल, झिजलेल्या टायरांचं रबर आणि तांबडी धूळ यांचा पहिल्या पावसात डांबरावर लेप बसतो. तो धुऊन जायला धो धो पाऊस लागतो. तोवर पडणारी बारीक भुरभुर मुसळधार पावसापेक्षा घातक ठरते, कारण रस्ता नुसता ओला दिसतो आणि ब्रेक दाबेपर्यंत तो निसरडा आहे हे कळत नाही.

म्हणून हे आवाहन पाऊस पडण्याआधी, आत्ताच करतो आहे. दुचाकीवर बसताना हेल्मेटबरोबर हातमोजे घाला. पायात घोटा झाकणारे बूट घाला. जमेल तेव्हा कोपर-खांद्याला संरक्षक पट्ट्या असलेलं जॅकेट घ्या. मागे बसणाऱ्यालाही हेच सगळं लागू आहे, कारण गाडी घसरली की रस्ता चालक कोण आणि पाठीमागचा कोण हे विचारत नाही.

दंड आहे तेवढंच आपण घालतो

मोटार वाहन कायद्याच्या १२९व्या कलमाने चालक आणि मागे बसणारा, दोघांनाही हेल्मेट सक्तीचं केलं आहे. २०१९च्या दुरुस्तीनंतर ते नसेल तर एक हजार रुपये दंड आणि तीन महिने परवाना निलंबित, अशी तरतूद झाली. या भीतीने हेल्मेट निदान घरातून बाहेर पडतं. पण ते कुठे असतं? कोपरात अडकवलेलं, आरशाला टांगलेलं किंवा पायांमध्ये ठेवलेलं. पुढे चेकिंग आहे असं समोरून येणाऱ्याने हाताने खुणावलं की ते डोक्यावर चढतं आणि वळण संपलं की उतरतं.

हातमोज्यांबद्दल कायदा काहीच बोलत नाही. त्यासाठी दंड नाही, चेकिंग नाही. म्हणून आपले हात उघडे. आपण पोलिसासाठी पोशाख करतो, पडण्यासाठी करत नाही, हे खरं दुखणं आहे. कायद्याने किमान गोष्ट सांगितली, आपण ती पुरेशी समजून बसलो.

देशात २०२२ साली रस्त्यांवर १,६८,४९१ माणसं मेली. त्यांतली जवळजवळ पंचाहत्तर हजार दुचाकीवरची होती आणि पन्नास हजारांहून अधिक जणांनी हेल्मेट घातलेलं नव्हतं. आपल्या एवढ्याशा गोव्यातही अलीकडे वर्षाला अडीचशेहून जास्त लोक रस्त्यावर जातात. चांगलं हेल्मेट नीट बांधलेलं असेल तर मृत्यूचा धोका सुमारे ४२ टक्क्यांनी आणि डोक्याच्या दुखापतीचा ६९ टक्क्यांनी घटतो, हे जगभरच्या अभ्यासांतून दिसलं आहे. हेल्मेटबद्दल वाद उरलेला नाही.

पण मेलेल्यांची मोजदाद होते, तशी पडून वाचलेल्यांची होत नाही. सोललेला तळहात, मोडलेलं मनगट, वाकडी जुळलेली करंगळी यांची नोंद फक्त त्या घरात राहते. बातमी आलीच तर चार ओळींची येते आणि तिच्यामागे तीन-चार महिन्यांचा बुडालेला रोजगार असतो.

पडताना हातच का पुढे जातात

पडणारा माणूस विचार करत नाही. तोल गेला की दोन्ही हात आपोआप पुढे जातात आणि अंगाचा सगळा भार तळहातांवर येतो. गाडीचा वेग ताशी ५० किलोमीटर असेल तर माणूस सेकंदाला जवळपास चौदा मीटर या गतीने डांबरावर फेकला जातो. उघडा तळहात तिथे सरकत नाही, अडकतो. कातडी जागीच राहते आणि देह पुढे जातो.

तळहाताची कातडी जाड असते, खालच्या थरांना घट्ट चिकटलेली असते आणि स्पर्शाला अतिशय तल्लख असते. मांडीची कातडी काढून तिथे लावली तरी ती तळहाताची कातडी होत नाही. जखम भरताना व्रण आखडला तर बोटं पूर्ण उघडत नाहीत.

दुसरं संकट मनगटाचं. अंगठ्याच्या मुळाशी मनगटात काजूगराएवढं आणि तशाच आकाराचं एक छोटं हाड असतं. पसरलेल्या हातावर पडलं की ते मोडतं. त्याला रक्त एका टोकाकडूनच मिळतं, त्यामुळे मधोमध मोडलं तर दुसरा तुकडा उपाशी राहतो. ते जुळायला महिने लागतात आणि कधी जुळतही नाही. पहिल्या एक्स-रेमध्ये ही मोड अनेकदा दिसत नाही. ‘नुसती मुरगळ आहे’ असं समजून लोक तेल चोळत बसतात आणि वर्षभराने मनगटात कायमचं दुखणं घेऊन फिरतात.

चांगल्या हातमोज्याला तळव्याच्या बुडाशी एक कडक, गुळगुळीत पट्टी असते. तिच्यामुळे हात रस्त्याला अडकण्याऐवजी सरकतो आणि मनगटावरचा झटका कमी होतो. चामड्याचा थर कातडीऐवजी स्वतः झिजतो. हातमोज्याने प्रत्येक हाड वाचेल असं कुणी सांगू नये. पण ऑस्ट्रेलियात अपघातात पडलेल्या २१२ दुचाकीस्वारांचा अभ्यास झाला, तो २०११ साली प्रसिद्ध झाला. मोटारसायकलचे हातमोजे घातलेल्यांना रुग्णालयात दाखल करावं लागण्याचं प्रमाण न घातलेल्यांच्या निम्म्याहून कमी होतं. संरक्षक पट्ट्या असलेले हातमोजे होते तिथे हात-मनगटाच्या दुखापतीचा धोका ४५ टक्क्यांनी कमी दिसला.

आता आपल्या गावाकडे बघा. माडावर चढणारा पाडेली, गवंडी, वायरमन, गॅरेजमधला मेस्त्री, काजूची कलमं बांधणारा बागायतदार, जाळं ओढणारा रापणकार, भजनात पखवाज धरणारा वादक. डिचोलीकडे मिरगापासून चवथीपर्यंत मातीच्या मूर्ती घडवणारे हात. या सगळ्यांचं पोट हातावर आहे. मूर्तिकाराचं मनगट जूनमध्ये मोडलं तर त्याचं सबंध वर्ष गेलं. शाळेच्या फीपासून कर्जाच्या हप्त्यापर्यंत सगळं त्या दोन हातांवर उभं आहे, आणि ते हात आपण रोज उघडे घेऊन महामार्गावर उतरतो.

आपले रस्ते बदलले, आपण बदललो नाही

पेडण्याचा रस्ता आता दहा वर्षांपूर्वीचा नाही. पत्रादेवीपासून धारगळमार्गे कोलवाळच्या पुलापर्यंतचा राष्ट्रीय महामार्ग ६६ रुंद झाला आणि गाड्यांचा वेग वाढला, पण गावातून त्याला मिळणारे रस्ते अरुंदच राहिले. जानेवारी २०२३मध्ये मोपाचा विमानतळ सुरू झाला तेव्हापासून रात्री-अपरात्रीही हा रस्ता झोपत नाही. पहाटेच्या पाळीला उगवे, तांबोसे, तोरसे, कोरगावहून पोरं-पोरी दुचाकीने निघतात. मालपे परिसरात डोंगर कापलेला आहे, पावसात तिथून माती आणि दगड रस्त्यावर येतात. मोरजी, मांद्रे, हरमलच्या किनारी रस्त्यावर काळ्या पाटीची भाड्याची स्कूटर घेऊन अनवाणी, उघड्या अंगाने फिरणारे पर्यटक समोरून कुठल्या बाजूने येतील ते सांगता येत नाही. आत हसापूर, चांदेल, इब्रामपूरकडे रात्री वळणावर गुरं बसलेली असतात.

डिचोलीचं दुखणं वेगळं. २०१२ साली खाणी थांबल्या, २०१८ साली पुन्हा थांबल्या. त्यानंतर परवाना काढलेली एक पिढी खनिजाच्या ट्रकांच्या रांगेशिवायच गाडी शिकली. २०२४पासून डिचोलीच्या पट्ट्यात खाणकाम परत सुरू झालं आहे. पिळगाव, मये, शिरगाव, साखळी, आमोणे या भागांत ट्रकच्या चाकांना लागलेली माती रस्त्यावर येते आणि पावसात तिचा चिखल होतो. त्यावर दुचाकीचं पुढचं चाक क्षणात सुटतं. वडीलधाऱ्यांना हे आठवत असेल; त्यांनी ते पोरांना सांगावं.

आणि अंतर लक्षात घ्या. गंभीर जखमीला शेवटी बांबोळीच्या गोवा वैद्यकीय महाविद्यालयातच न्यावं लागतं. पत्रादेवीहून ते चाळीस किलोमीटरच्या आसपास आहे. इस्पितळ दूर असलेल्या माणसाने दुखापत कमी कशी होईल याची काळजी जास्त घ्यायला हवी.

‘पण…’

हे वाचताना मनात काय येतं ते मला माहीत आहे.

‘गोव्यात उकडतं, हातात मोजे कोण घालणार?’ उकडतं हे खरंच. पण कुठल्याही सकाळी म्हापशाच्या दिशेने जाणाऱ्या स्कूटरी बघा. ऊन लागू नये म्हणून आपल्या मुली आणि बायका कोपरापर्यंतचे सुती मोजे घालतात, तेही एप्रिल-मेच्या उन्हात. म्हणजे मोजे घालणं अशक्य नाही, सवयीचा प्रश्न आहे. फक्त ते सुती मोजे काळवंडण्यापासून वाचवतात, डांबरापासून नाही. पहिल्याच घासाला ते फाटतात. त्यांच्या जागी जाळीदार पाठीचे, चामडी तळव्याचे मोजे घ्या. चालत्या गाडीवर त्यांतून वारा लागतो. घाम मुठीवर येत नाही, पकड उलट सुधारते.

‘इथल्या इथे तर जायचंय, पाव आणायला.’ बेसावधपणा ओळखीच्याच रस्त्यावर जास्त असतो. खड्डा रात्रीत पडतो, कुत्रं आजच आडवं येतं. तुमच्या दारातल्या डांबराला तुमची ओळख नाही.

‘पैसे कुठून आणायचे?’ लाखभराची गाडी हप्त्यावर येते. बरे हातमोजे हजार-दीड हजार रुपयांत मिळतात. मनगटाच्या एका शस्त्रक्रियेनंतर बुडणारी मजुरी त्याच्या कितीतरी पट असते.

‘मित्र हसतात, मोठा रायडर झाला म्हणतात.’ हसू द्या. तिघांनी घातले की चौथा हसायचं थांबतो.

घ्यायचं ते बघून घ्या

एकदम सगळं घेणं जमत नसेल तर क्रम असा ठेवा: आधी हेल्मेट, मग हातमोजे, मग बूट, मग जॅकेट, मग गुडघ्याच्या पट्ट्या.

हेल्मेटवर आयएसआयची खूण आणि ‘आयएस ४१५१’ हा क्रमांक बघा. १ जून २०२१पासून या खुणेशिवाय दुचाकीचं हेल्मेट बनवणं आणि विकणं बेकायदा आहे. रस्त्याकडेला टांगलेली हलकी टोपी घेऊ नका. पूर्ण चेहरा झाकणारं हेल्मेट जबडाही वाचवतं. हनुवटीखालचा पट्टा न बांधलेलं हेल्मेट तुमच्याआधी रस्त्यावर पडतं. एकदा जोराचा मार बसलेलं हेल्मेट वरून चांगलं दिसलं तरी टाकून द्या.

हातमोज्यात पाचही बोटं पूर्ण झाकली पाहिजेत. अर्ध्या बोटांचे मोजे शोभेचे. तळव्याला चामडं किंवा जाड दुहेरी कापड, बुडाशी सरकपट्टी आणि बोटांच्या पेरांवर कडक आवरण असावं. मनगटाचा पट्टा घट्ट बसतो का ते बघा. तो सैल असेल तर मोजा घसरताना निघून येतो आणि ऐन वेळी उपयोग शून्य. ‘ईएन १३५९४’ हे युरोपीय प्रमाण लिहिलेलं असेल तर उत्तम. दुकानातच घालून ब्रेक, क्लच, हॉर्न, इंडिकेटर चालवून पाहा. बोट अडखळत असेल तर दुसरं माप घ्या. पावसासाठी वेगळी जोडी परवडत नसेल तर ओले मोजे रात्री पंख्याखाली वाळवा. चुलीजवळ किंवा कडक उन्हात चामडं तडकतं. आणि गाडीवर बसण्यापूर्वी बोटातल्या अंगठ्या काढून ठेवा. अडकलेल्या अंगठीने बोटाची कातडी सोलून निघते.

रेनकोट म्हणजे जॅकेट नव्हे. तो पाणी अडवतो, डांबर नाही. जाळीचं, कोपर-खांद्याला पट्ट्या असलेलं जॅकेट आत आणि भडक रंगाचा रेनकोट वर, असं घाला. चपला आणि सँडल गाडीवर नकोतच. साधे चामडी बूट घोट्यापर्यंत असले तरी पायाची बोटं आणि घोटा पुष्कळ वाचतो.

हे काम एकट्याचं नाही

पायलट बांधवांनो, पिवळ्या-काळ्या मोटारसायकलवरून माणसं नेणारी तुमची जात गोव्याचा अभिमान आहे. गावातली पोरं तुमच्याकडे बघून गाडी शिकतात. थांब्यावरच्या सगळ्यांनी मिळून हातमोजे घेतले तर दुकानदार दरही कमी करील. गिऱ्हाईकाला दिलेलं हेल्मेट नुसतं डोक्यावर ठेवू देऊ नका, त्याचा पट्टा बांधून घ्या आणि मगच गाडी सुरू करा.

भाड्याने स्कूटर देणाऱ्यांनो, चावीबरोबर धड हेल्मेट द्या, तेही दोन. अनवाणी आलेल्याला गाडी देऊ नका. तुमच्या गाडीवरून पडणारा परका माणूस आपल्याच गावच्या पोरावर येऊन आदळतो.

तुये आणि डिचोलीच्या औद्योगिक वसाहतींतल्या मालकांनो, मोपा विमानतळावरच्या कंत्राटदारांनो, कारखान्याच्या आत तुम्ही कामगाराला हातमोजे देता, फाटकाबाहेर पडला की त्याचा हात तुमचा उरत नाही का? ईएसआय कायद्यात २०१०च्या दुरुस्तीने घर ते कामाची जागा या प्रवासातला अपघातही, त्याचा नोकरीशी संबंध असेल तर, कामावरचा मानला जाऊ लागला. कामगारांनी हे माहीत करून घ्यावं. मालकांनी गणवेशाबरोबर हातमोज्यांची एक जोडी द्यावी. पाळी भरून काढण्याच्या ओव्हरटाइमपेक्षा ती स्वस्त पडेल.

आईवडिलांनो, सोळा वर्षांच्या मुलाच्या हातात गिअरची गाडी देणं हा लाड नाही. अल्पवयीनाने गाडी चालवून गुन्हा केला तर पालकाला किंवा वाहनमालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि पंचवीस हजार रुपये दंड होऊ शकतो. आणि टाकीवर उभं केलेलं ते लहान मूल! १५ फेब्रुवारी २०२३पासून चार वर्षांखालच्या मुलाला चालकाशी बांधणारा सुरक्षापट्टा हवा, नऊ महिन्यांवरच्या मुलाला त्याच्या मापाचं हेल्मेट हवं आणि मूल बरोबर असताना वेग ताशी ४० किलोमीटरच्या आत हवा, असा नियमच आहे.

विर्नोडा, साखळी, डिचोलीच्या महाविद्यालयांतल्या शिक्षकांनो, पावसाळी सत्राच्या पहिल्याच आठवड्यात गाडीतळावर जाऊन हेल्मेट आणि मोजे तपासा. दंड करू नका, नुसतं विचारा.

देवस्थान समित्यांनो आणि पंचायतींनो, पेडण्याची पुनव, शिरगावची लईराईची जत्रा, हिवाळाभर गावोगाव चालणारे दशावतार, या रात्री माणसं झोपाळलेल्या डोळ्यांनी दुचाकीवर घरी परततात. ध्वनिक्षेपकावरून सूचना देता तशी हीही द्या. गावसभेत खड्ड्यांचा विषय निघतो, त्याच दिवशी हा विषयही मांडा. खड्डा बुजवणं सरकारचं काम आहे आणि ते मागत राहायचंच. पण तो बुजेपर्यंत आपण त्याच रस्त्याने जाणार आहोत.

तरीही कुणी पडलंच, तर

१०८ला फोन करा. तुम्ही मदत केली म्हणून तुमच्यामागे चौकशीचं शुक्लकाष्ठ लागणार नाही. मोटार वाहन कायद्याच्या १३४-अ कलमाने सद्भावनेने मदत करणाऱ्याला संरक्षण दिलं आहे. नाव सांगायची सक्ती नाही. मे २०२५पासून अपघातग्रस्ताला पहिले सात दिवस दीड लाख रुपयांपर्यंत रोकडरहित उपचार देणारी केंद्राची योजना लागू आहे, तिची आठवण इस्पितळात करून द्या.

जखमी बेशुद्ध असेल किंवा मान दुखते म्हणत असेल तर त्याला ओढून बसवू नका. श्वास अडत नसेल तर हेल्मेट खेचून काढू नका. वाहणाऱ्या जखमेवर स्वच्छ कापड घट्ट दाबून धरा. सोललेल्या तळहाताला हळद, कॉफीची पूड, टूथपेस्ट लावू नका. ती खरवडून काढताना जखम दुसऱ्यांदा सोलली जाते. स्वच्छ वाहत्या पाण्याखाली खडी आणि माती धुऊन टाका, सूज येण्याआधी अंगठ्या उतरवा आणि धनुर्वाताचं इंजेक्शन घ्या. अंगठ्याच्या मुळाशी दाबून दुखत असेल तर पहिला एक्स-रे स्वच्छ आला तरी आठ-दहा दिवसांनी पुन्हा दाखवा.

आता एवढंच करा

येत्या शुक्रवारी म्हापशाच्या बाजाराला जाल तेव्हा छत्री आणि रेनकोटाच्या यादीत हातमोज्यांची जोडी लिहा. घरात दोन दुचाकी असतील तर दोन जोड्या. विकत आणून कपाटात ठेवू नका. गाडीच्या चावीला अडकवून ठेवा, म्हणजे चावी उचलताना ते हातात येतील. पहिले पंधरा दिवस कंटाळा येईल, नंतर त्यांच्याविना मूठ धरवणार नाही.

आणि हे आवाहन स्वतःपुरतं ठेवू नका. तुमच्या मागे बसणाऱ्याला, शेजारच्या पोराला, दोडामार्गहून येणाऱ्या सहकाऱ्याला, दारात पाव घेऊन येणाऱ्या पोदेराला सांगा. मिरगाला फार दिवस उरलेले नाहीत. पाऊस पडायच्या आत हात झाका.